वाय-फाय आणि स्पर्धकांचा सहकार

घरातले वाय-फाय नीट चालेनासे झाले की दोष कोणाचा, हा वाद आज घरोघर ऐकू येतो. इंटरनेट पुरविणारी कंपनी म्हणते, आमची तार तुमच्या दारापर्यंत ठीक आहे, पुढचे राऊटरवाल्याला विचारा. राऊटर विकणारा म्हणतो, यंत्र नवे कोरे आहे, तुमचा फोन जुना असेल. फोन विकणारा भिंतीच्या जाडीकडे बोट दाखवितो. आणि घरातील वडीलधारे माणूस निकाल दिल्याप्रमाणे सांगते, की शेजाऱ्यांनी नवे यंत्र बसविल्यापासूनच हे सुरू झाले. मौज अशी की चौघेही थोडेथोडे खरे बोलत असतात, आणि म्हणूनच त्यांच्यापैकी कोणा एकाला हा दोष दुरुस्त करता येत नाही. वाय-फायचा दर्जा एखाद्या यंत्राच्या पोटात साठविलेला नसतो. अनेक यंत्रे एकमेकांशी कशी वागतात, यावर तो अवलंबून असतो. त्यामुळे तो सुधारण्याचा इतिहास हा एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असलेल्या कंपन्यांना एका टेबलाशी बसविण्याचा इतिहास झाला आहे.

सहकार हा शब्द महाराष्ट्रात उच्चारला की साखर कारखाने आणि दूधसंघ डोळ्यांपुढे उभे राहतात. तेथे एकत्र येणाऱ्यांचे हित मुळातच एक असते. आम्ही ज्या सहकाराबद्दल लिहीत आहोत, तो निराळ्या जातीचा आहे. येथील सभासद सकाळी सभेत एकत्र बसतात आणि संध्याकाळी बाजारात एकमेकांचा माल पाडायला निघतात. तरीही त्यांना एकत्र बसावे लागते, याचे कारण हवेत आहे, आणि ते आधी समजून घेतले पाहिजे.

तारेच्या टेलिफोनमध्ये तुमची तार तुमची आणि आमची तार आमची असते. बिनतारी यंत्रांना अशी खाजगी वाट नाही. सगळ्यांचे बोलणे एकाच हवेतून, किंबहुना एकाच पोकळीतून, जाते. म्हणून सरकारे विद्युत्-चुंबकीय लहरींचे पट्टे पाडतात आणि ते आकाशवाणी, विमाने, पोलीस, मोबाइल कंपन्या यांना वाटून देतात. ज्याला पट्टा मिळाला तो त्याचा मालक, इतरांना तेथे मज्जाव. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने यापेक्षा वेगळे पाऊल टाकले. उद्योगधंद्यांतील तापविण्याची यंत्रे व मायक्रोवेव्ह भट्ट्या ज्यांत आधीपासून गोंगाट करीत होत्या असे तीन पट्टे त्याने विशिष्ट पद्धतीच्या बिनतारी संदेशांसाठी विनापरवाना खुले केले. त्यांतलाच एक २.४ गिगाहर्ट्झचा. अटी दोनच मुख्य होत्या: यंत्राची शक्ती मर्यादित ठेवायची, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये, आणि ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्यातून मुक्त झाला.

गावच्या गायरानाची कल्पना ज्यांना आहे त्यांना ही व्यवस्था लगेच कळेल. गायरानावर कोणीही गुरे सोडावीत, पट्टी नाही, पावती नाही. परंतु गुरे किती सोडायची आणि कोणी कोणाला वाट द्यायची याविषयी गावात काही समजूत नसेल, तर दोन वर्षांत तेथे गवताची काडी उरत नाही. लहरींच्या गायरानावर ही समजूत घालण्याचे काम सरकारने केले नाही. ते उद्योगालाच करावे लागले.

सुरुवात अगदी सामान्य गरजेतून झाली. दुकानांत पैसे घेण्याची यंत्रे विकणारी एनसीआर ही अमेरिकन कंपनी होती. दुकानदाराने मांडणी बदलली की प्रत्येक वेळी गल्ल्याच्या यंत्राची तार नव्याने ओढावी लागे; ती तारच नको, असा तिचा हेतू. हॉलंडमधील तिच्या अभियंत्यांपुढे हे काम आले. आपल्या एकट्या कंपनीची पद्धत काढून भागणार नाही, सर्वमान्य मानक हवे, हे व्हिक हेज या अभियंत्याने ओळखले. १९९० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेत ८०२.११ नावाचा कार्यगट स्थापन झाला आणि हेज त्याचे अध्यक्ष झाले. पुढे दहा वर्षे ते त्या खुर्चीवर होते. या गटात मत माणसाचे असते, कंपनीचे नव्हे. आणि तांत्रिक ठरावाला साध्या बहुमताऐवजी ७५ टक्के मते लागतात. हा पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. निम्म्याहून एक अधिक मत मिळवून प्रतिपक्षाला चीत करता येते. पंचाहत्तर टक्के मिळवायचे तर त्याचे काहीतरी ऐकावेच लागते.

त्या ऐकून घेण्याला सात वर्षे लागली. १९९७ मध्ये पहिले मानक निघाले. त्याचा वेग सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट, आणि त्यात एक मोठे व्यंग होते. कोणालाच दुखवायचे नाही म्हणून संदेश पाठविण्याच्या तीन पद्धती मान्य झाल्या होत्या. परिणामी दोन यंत्रे मानकाप्रमाणे तंतोतंत बनलेली असूनही एकमेकांशी बोलू शकत नसत. कागदावर एकमत आणि व्यवहारात अबोला! १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे सुधारित मानक आले, तेव्हा थ्रीकॉम, एरोनेट, हॅरिस सेमिकंडक्टर, ल्यूसेंट, नोकिया आणि सिम्बॉल टेक्नॉलॉजीज या सहा कंपन्यांनी एक निराळी संघटना काढली. मानक लिहिणे हे तिचे काम नव्हते. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी प्रत्यक्ष बोलते की नाही हे तपासून शिक्का देणे हे तिचे काम. ‘वाय-फाय’ हे नावही तेव्हाच एका नामकरण करणाऱ्या कंपनीकडून घेतले, आणि २००२ मध्ये संघटनेने स्वतःला वाय-फाय अलायन्स म्हणवून घेतले. आज आपण ज्याला सहज वाय-फाय म्हणतो ते नाव मुळात या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा शिक्का आहे.

हा एकोपा नेहमी टिकला असे नाही. २००३ नंतरच्या पुढच्या पिढीच्या मानकावरून दोन तट पडले, बाजारात मानकाआधीच ‘पूर्वावृत्ती’ म्हणून यंत्रे विकली गेली आणि ती एकमेकांशी जुळेनात. शेवटी वाय-फाय अलायन्सने २००७ मध्ये मसुद्यावरच शिक्के देऊन गोंधळ आवरला. पक्के मानक २००९ साली निघाले. जवळच्याच एका क्षेत्रात तेवढेही नशीब नव्हते. अल्ट्रावाइडबँड नावाच्या जलद पद्धतीचे मानक करणाऱ्या आयईईईच्या गटात दोन पक्ष इतके हट्टाला पेटले की जानेवारी २००६ मध्ये गटच मोडला, आणि घरातील तारा काढून टाकण्याची त्या पद्धतीची स्वप्ने तेथेच विरली. सहकार म्हणजे सारे फुकट, असेही नव्हे. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींचा गोंधळ निस्तरण्याच्या युक्तीचे पेटंट ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधनसंस्थेकडे होते. न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडा चालला आणि २००९ मध्ये चौदा कंपन्यांनी तडजोड करून पैसे मोजले.

आता यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. पण बोलणे आणि नीट बोलणे यांत अंतर आहे. येथून पुढचा भाग आमच्या मते या विषयाचा गाभा आहे.

वाय-फायचा मूळ नियम सभ्यपणाचा आहे: आधी ऐका, कोणी बोलत नसेल तरच बोला, आणि शांतता झाल्यावरही सर्वांनी एकदम तोंड उघडू नये म्हणून प्रत्येकाने मनाशी एक आकडा धरून तेवढे थांबा. या नियमात संधी सर्वांना सारखी मिळते. अडचण अशी की संधी सारखी म्हणजे वेळ सारखा नव्हे. पंगतीत एखादा गृहस्थ सावकाश जेवणारा असला की सगळी पंगत त्याच्यासाठी खोळंबते, तसे येथे होते. जुन्या ११ मेगाबिटच्या मानकाचे गणित करून पाहू. एक पाकीट १५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे. राऊटरजवळचा संगणक ते ११ मेगाबिटच्या वेगाने पाठवितो. त्याला सुमारे १ मिलिसेकंद लागते. दूरच्या खोलीतील संगणकाला आवाज क्षीण पोहोचतो, म्हणून तो १ मेगाबिटवर उतरतो. त्याला १२ मिलिसेकंद लागतात. दोघे आळीपाळीने एकेक पाकीट पाठवीत राहिले, तर १३ मिलिसेकंदांत दोघांचे एकेक पाकीट जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला १ मेगाबिटहूनही कमी येते. जलद यंत्राचा मालक वेगाचे पैसे मोजूनही मंद यंत्राच्या चालीने चालतो! हे वैगुण्य २००३ मध्येच फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले होते. पाळी मोजण्याऐवजी वेळ मोजून द्यावा, तर जलद यंत्राला साडेपाच आणि मंदाला अर्धा मेगाबिट मिळतो. मंदाचे नुकसान थोडे, जलदाचा लाभ मोठा. इतके सोपे गणित असूनही ते सामान्य राऊटरांत उतरायला पुष्कळ वर्षे गेली.

कारण दुकानात वेळेची वाटणी विकत नाहीत, वेग विकतात. खोक्यावर मोठा आकडा छापला की गिऱ्हाईक वळते. ‘तुमच्या मुलाची परीक्षा चालू असताना कोणी चित्रपट उतरवून घेतला तरी परीक्षा अडणार नाही’ हे वाक्य खोक्यावर छापायचे कोणी मनावर घेतले नाही, आणि प्रत्यक्षात माणसाला हवे असते ते हेच. डॉक्टरांशी पडद्यावर बोलणाऱ्या रोग्याला शंभर मेगाबिट नकोत; त्याला दोन-तीन मेगाबिट पुरतात, पण ते अखंड आणि वेळेवर हवेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे संभाषण सहजपणे चालण्यासाठी आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला पाहिजे.

तो पोहोचत नाही, याचे मोठे कारण म्हणजे बफर. बफर ही पाकिटांची धर्मशाळा होय. वाट मोकळी नसेल तर पाकिटांनी तेथे थांबावे. स्मृतीच्या चकत्या स्वस्त झाल्या तसे उत्पादकांनी या धर्मशाळा ऐसपैस बांधल्या. एकही पाकीट हरवू नये हा हेतू चांगला. पण हजार पाकिटांची रांग ६ मेगाबिटच्या वाटेने जायची तर पूर्ण दोन सेकंद लागतात. मोठी फाईल पाठविणारा आधी येऊन ही धर्मशाळा भरून टाकतो आणि मागाहून आलेले फोनवरील बोलणे दोन सेकंद तिष्ठत उभे राहते. वेगमापनाचा आकडा मात्र उत्तम! अमेरिकन अभियंते जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्याच घरच्या जोडणीत हे पाहिले आणि त्याचा बोभाटा केला. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. रांग किती लांब आहे हे पाहू नका, पाकीट रांगेत किती वेळ थांबले ते पाहा. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणे सतत चालू राहिले तर काही पाकिटे टाकून द्या, म्हणजे पाठविणारा समजतो आणि हात आखडता घेतो. पाकीट फेकून देऊन सेवा सुधारते हे ऐकायला विचित्र वाटते, पण तसे आहे खरे. याच्या जोडीला प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवण्याची युक्ती आली, आणि जानेवारी २०१८ मध्ये इंटरनेटच्या मानकसंस्थेने ती दस्तऐवजात नोंदविली. वाय-फायसाठी हीच युक्ती आणि मघाची वेळेची वाटणी एकत्र करून स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या साथीदारांनी २०१७ मध्ये दाखविले की भार असतानाचा विलंब दहापटीच्या घरात कमी होतो. हे काम लिनक्सच्या खुल्या भांडारात जमा झाले; ज्या कंपनीला हवे तिने उचलावे. डेव्ह टाट हे अमेरिकन गृहस्थ एप्रिल २०२५ मध्ये वारले. त्यांनी कित्येक वर्षे कंपन्यांच्या दारोदार जाऊन हा विलंबाचा प्रश्न त्यांच्या गळी उतरविला. अशा माणसांना बाजारात भाव नसतो, पण त्यांच्यावाचून बाजार चालत नाही.

प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचायची तर ती मोजता आली पाहिजे, आणि सर्वांनी एकाच मापाने मोजली पाहिजे. या बाजूने ब्रॉडबँड फोरम या सेवादात्या व उत्पादक कंपन्यांच्या संघटनेने २०१९ मध्ये घरातील वाय-फायच्या कसोट्यांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यात कमाल वेगाची कसोटी आहेच. पण यंत्र गोल फिरणाऱ्या पाटावर ठेवून सर्व दिशांना सारखे पोहोचते काय, अंतर वाढेल तसा वेग किती पडतो, जवळचे व दूरचे गिऱ्हाईक एकदम जोडले तर वेळेची वाटणी न्याय्य होते काय, दीर्घकाळ चालू ठेवल्यास यंत्र डगमगते काय, याही कसोट्या आहेत. सेवा देणाऱ्या कंपनीने हजारो राऊटर खरेदी करताना खोक्यावरचा आकडा न पाहता हा निकाल मागितला, तर उत्पादकाला सुधारण्यावाचून गत्यंतर राहत नाही. घाऊक गिऱ्हाईक हे या धंद्यातले खरे पंच आहेत. वाय-फाय अलायन्सनेही त्याच सुमारास दोन गोष्टी आणल्या: निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एका घरात मिळून काम करू शकतील अशी जुळणी, आणि घरातील वाय-फायची प्रकृती कळविण्याची सर्वांना समान अशी नोंदपद्धत. दुसरी गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण आरंभी सांगितलेले भांडण मिटवायला तीच कामी येते. चार वैद्यांनी चार भाषांत टिपणे ठेवली तर रोग्याचे निदान कसे व्हावे?

नव्या पिढीच्या मानकांतही हा बदल दिसतो. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या मानकात, म्हणजे बाजारातील वाय-फाय ६ मध्ये, एकाच खेपेत अनेक यंत्रांची छोटी पाकिटे वाटून नेण्याची सोय आहे. प्रत्येकाला स्वतंत्र रिक्षा करण्याऐवजी एसटीची एक गाडी भरावी तशी. सध्या घडत असलेल्या ८०२.११बीएन मानकाने तर कमाल वेग वाढविण्याचे ध्येयच ठेवलेले नाही. बिकट परिस्थितीत मिळणारा वेग २५ टक्क्यांनी वाढावा, सर्वांत वाईट वेळचा विलंब २५ टक्क्यांनी उतरावा, पाकिटांची गळती तेवढीच कमी व्हावी, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. शेजारशेजारच्या राऊटरांनी आपसांत ठरवून बोलावे अशा योजनाही त्यात चर्चिल्या जात आहेत. एकाच कंपनीचे राऊटर असलेल्या कचेरीत हे जमेल. सदनिकांच्या इमारतीत, जेथे प्रत्येक मजल्यावर निराळ्या कंपनीची जोडणी आहे, तेथे जमेल काय, हा खरा प्रश्न आहे.

गायरानाच्या हद्दीवरही तंटा आहेच. मोबाइल कंपन्यांनी आपली एलटीई पद्धत ५ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात आणण्याचे ठरविले, तेव्हा त्यांतील एका प्रकारात वाय-फायसारखा ‘आधी ऐका’ हा नियम नव्हता. वाय-फायवाले अस्वस्थ झाले. दोन्ही पक्षांनी वादावादी करून सप्टेंबर २०१६ मध्ये सहजीवनाच्या कसोट्या ठरविल्या, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या यंत्रांना परवानगी मिळाली. दुसऱ्या प्रकारात मोबाइलच्या जागतिक मानकानेच ऐकून बोलण्याचा नियम स्वीकारला. पुढे ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आला. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये तेथील पूर्ण १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. भारत सरकारने मे २०२५ मध्ये त्यातील खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी परवानामुक्तीचे मसुदानियम प्रसिद्ध केले. वरच्या भागावर मोबाइल कंपन्यांची नजर आहे. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही, पण मोबाइलवरून आलेला पुष्कळसा भार घरात व कचेरीत शिरताच वाय-फायवर उतरतो, हे विसरून चालणार नाही.

इतके सारे उद्योगाने करायचे. ते होईपर्यंत इमारतीतील रहिवाशांनाही थोडे करता येते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच धरतात: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांनी आपसांत त्या वाटून घ्याव्यात. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या वेळा ठरतात तशा. जागचा न हलणारा दूरदर्शनसंच किंवा संगणक तारेने जोडावा, म्हणजे हवा फिरत्या यंत्रांना मोकळी राहते. आणि वेग मोजताना एकदा असे करून पाहावे: घरातील दुसऱ्या यंत्रावरून मोठी फाईल चढवायला लावावी आणि त्याच वेळी विलंब मोजावा. एरवी १० मिलिसेकंद असणारा विलंब त्या वेळी ४०० वर जात असेल, तर दोष वेगात नाही, रांगेत आहे. आणि अधिक पैसे देऊन मोठ्या वेगाची योजना घेण्याआधी, आपल्या राऊटरमध्ये रांगेचे नियमन आहे काय, हे सेवादात्याला विचारावे.